"तुम्हाला सोयीचं ते करा": एका आजींच्या शेवटच्या दहा वर्षांचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना आपण आजी म्हणू. घरातही बहुतेक सगळे त्यांना तेच म्हणत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. मी ज्येष्ठांच्या कुटुंबांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. या घराशी माझा संबंध आजींच्या ८२व्या वर्षी आला आणि त्या ९२व्या वर्षी गेल्यानंतरही काही महिने राहिला.

आजींना तीन मुलं: थोरला मुलगा, मधली मुलगी, धाकटा मुलगा. मुलं लहान असतानाच सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि पुढची अकरा वर्षं त्यांचं सगळं आजींनीच केलं. त्या गेल्या तेव्हा धाकटा नुकता शाळेत जायला लागला होता. पुढे मुलांची शिक्षणं, लग्नं, नातवंडं. थोरल्या मुलाची मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून आजींच्याच अंगाखांद्यावर वाढली, कारण तिचे आईवडील दोघेही नोकरीला होते. नवरा गेला तेव्हा आजी ६७ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या थोरल्याकडेच राहिल्या. मी भेटले तेव्हा मोठी नात स्वतः एका सहा वर्षांच्या मुलीची आई झाली होती, त्याच इमारतीत राहत होती, आणि पणती शाळा सुटली की आजींकडे यायची.

मुलं आईबद्दल बोलताना एक वाक्य हमखास म्हणायची: "आईने कधी काही मागितलं नाही." ते अभिमानाने म्हणायची, आणि खरंच होतं ते. पण इथली खरी अडचणही त्याच वाक्यात होती. आयुष्यभर दुसऱ्यांची गरज ओळखणाऱ्या बाईची स्वतःची गरज काय, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पुढच्या दहा वर्षांत तीन वेळा असा प्रसंग आला की ते ठाऊक असणं अत्यंत गरजेचं होतं.

पहिली अडचण: आरामानंतरची घसरण

आजी ८२च्या झाल्या त्या वर्षी तिन्ही मुलांनी मिळून ठरवलं की आता आईने काही करायचं नाही. यामागे निखळ प्रेम होतं. घरकामाला पूर्णवेळ बाई ठेवली, आजींना स्वयंपाकघरातून मोकळं केलं, पणतीला शाळेनंतर पाळणाघरात घातलं. आजींच्या खोलीत चांगली खुर्ची आणि टीव्ही आला. पहिले काही आठवडे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मुलांनी फार सुख दिलं."

पाचसहा महिन्यांत चित्र पालटलं. आजी दुपारभर झोपायच्या आणि रात्री जागायच्या. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं कमी झालं. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर यायचं, किंवा त्या नुसत्या हसायच्या. एकच गोष्ट दोनदोनदा विचारायच्या. थोरल्या मुलाने मनाशी निदान करून टाकलं: विसरण्याचा आजार सुरू झाला. सुनेला ते पटत नव्हतं. ती म्हणाली, "पणतीचा वाढदिवस, तिच्या बाईंचं नाव, सगळं आठवतं त्यांना. फक्त आमच्यात नसल्यासारख्या बसतात." तिच्या आग्रहामुळे हे कुटुंब माझ्यापर्यंत आलं.

समोर असलेले पर्याय

पहिल्या बैठकीत चार मतं पुढे आली. थोरल्याला वाटत होतं की हे वयाचं आहे, उगाच तपासण्यांचा त्रास नको. मुलीला आईला आपल्या घरी न्यायचं होतं, जागाबदल होईल म्हणून. धाकटा दुसऱ्या शहरात होता. आई आपल्याकडे कधीच राहिली नाही ही त्याच्या मनातली जुनी सल होती, त्याने चारचार महिने तिघांकडे असा प्रस्ताव मांडला. सुनेचं म्हणणं एवढंच होतं की आधी नीट तपासा.

आजी त्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुम्हाला सोयीचं ते करा."

घर बदलण्याचे दोन्ही पर्याय मला त्या वेळी घाईचे वाटले. घसरण कशामुळे होते आहे हे कळल्याशिवाय माणूस हलवला, तर कारण तसंच राहतं आणि वर अनोळखी घराची भर पडते. "वयाचं आहे" हे उत्तर तर वृद्धांच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारं. १९३०च्या दशकात लंडनमध्ये मार्जरी वॉरन या डॉक्टरने वर्षानुवर्षं अंथरुणात पडून असलेल्या वृद्धांना एकेक करून तपासायला सुरुवात केली, तेव्हा त्यांतले कितीतरी उपचारांनी आणि व्यायामाने पुन्हा उठूनफिरून घरी गेले. त्यांच्या आजाराकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. वृद्धांची सर्वांगीण तपासणी ही पद्धत त्या कामातून उभी राहिली. शरीर, औषधं, मन, स्मरण, चालणं, रोजची कामं आणि घरची परिस्थिती या सगळ्यांकडे तिच्यात एकत्र पाहतात. आम्ही तोच मार्ग धरला.

प्रत्यक्षात काय केलं

तपासणीत निघालं ते असं. दोन्ही कानांनी ऐकू येणं बरंच कमी झालं होतं. भलती उत्तरं आणि ते हसणं याचं मोठं कारण हेच. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. नैराश्य पाहण्यासाठी वृद्धांकरिता १५ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात, तिच्यात स्पष्ट उदासी दिसली. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका धरतात. आजींना त्याहून खूप जास्त लागला.

आणि औषधं. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वर्षी दिलेली, कधीच एकत्र न पाहिलेली. रक्तदाबाच्या गोळीबद्दल तक्रार नव्हती. पण झोपेची गोळी, वारंवार लघवी लागते म्हणून दिलेली गोळी आणि सर्दी-खाजेची जुन्या पिढीतली ॲलर्जीची गोळी या तिन्ही एकत्र चालू होत्या. शेवटच्या दोन्ही गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात आणि वृद्धांमध्ये गुंगी, विसराळूपणा, बद्धकोष्ठता वाढवतात. झोपेच्या गोळीने तोल जातो. मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरने १९९१मध्ये वृद्धांसाठी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी पहिल्यांदा मांडली. ती आजही सुधारून वापरात आहे, आणि या तिन्ही प्रकारच्या गोळ्या तिच्यात आहेत. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी थांबवली आणि लघवीसाठी गोळीऐवजी ठरावीक वेळी जाण्याची सवय लावायला सांगितलं. झोपेची गोळी काही आठवड्यांत थोडीथोडी कमी केली, कारण ती एकदम बंद केली तर अस्वस्थता आणि जागरण उलट वाढतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ऐकण्याचं यंत्र आलं. पहिले दोन महिने ते डबीतच राहायचं. नातीने रोज अर्धा तास, मग एक तास असं घालायला लावून सवय केली.

एवढ्याने आजी बऱ्याच जाग्या झाल्या. पण उदासी राहिली, आणि तिला गोळी हे पहिलं उत्तर नव्हतं. मी आजींना वेगळं भेटले. "तुम्हाला काय हवं?" हा प्रश्न त्यांच्यापुढे निरुपयोगी होता. ज्याचं उत्तर द्यायची आयुष्यात कधी वेळच आली नाही, त्याचं उत्तर ८२व्या वर्षी कुठून यावं? म्हणून विचारलं, "पूर्वी सकाळी कशासाठी उठावंसं वाटायचं?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणीतरी माझी वाट बघत असायचं."

मुलांनी आईचं ओझं उतरवलं होतं आणि त्याच्यासोबत तिची जागाही काढून घेतली होती. आजीचं घरातलं स्थान हा केवळ भावनेचा विषय नाही, असं मला ठामपणे वाटतं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या हाडझा लोकांमध्ये पाहिलं की मूल होण्याचं वय उलटलेल्या बायका कंदमुळं खणण्यात तरुणींहून कमी नव्हत्या, आणि आई तान्ह्यात गुंतली असताना मोठ्या मुलांचं पोषण आजीच्या कष्टांवर टिकत होतं. माणसाची बाई प्रजननाचं वय संपल्यावरही इतकी वर्षं का जगते, याचं एक उत्तर त्यांनी तिथे शोधलं. आजीपण ही माणसाच्या आयुष्यातली फार जुनी कामगिरी आहे. ती "आराम कर" म्हणून काढून घेतली की मागे पोकळी राहते.

निर्णय असा झाला: पणती पाळणाघराऐवजी पुन्हा दुपारी दोन तास आजींकडे. थोरला विरोधात होता. आई पडली किंवा मुलीला काही झालं तर? ही भीती खोटी नव्हती. म्हणून तडजोड केली: घरात दुसरं मोठं माणूस असेल तेव्हाच, आणि काम बसून करायचं. अभ्यास घेणं, गोष्टी, शिवणटिपण. गॅसपाशी जायचं नाही. थोडा धोका राहिलाच. तो सगळ्यांनी समजून घेतला आणि कागदावर लिहिला, म्हणजे पुढे काही घडलं तर एकमेकांकडे बोट दाखवायला नको. तीन महिन्यांत आजींचं वजन वाढलं आणि दुपारची झोप गेली. पुढची जवळपास पाच वर्षं त्यांची चांगली गेली.

नातीने केलेलं रेकॉर्डिंग

याच काळात एक गोष्ट झाली. तिचं महत्त्व आम्हा सगळ्यांना नंतर कळलं. वृद्धांचं जुनं आठवत बसणं पूर्वी ऱ्हासाचं लक्षण मानत. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३मध्ये मांडलं की ही आयुष्याकडे वळून पाहण्याची स्वाभाविक आणि गरजेची प्रक्रिया आहे. तेव्हापासून तिचा उपयोग उपचार म्हणूनही करतात. नातीला ही कल्पना आवडली. रविवारी सकाळी ती आजींना एखादा जुना फोटो दाखवायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची.

मुलांना वाटलं होतं की आईच्या त्यागाच्या गोष्टी निघतील. त्या निघाल्याच. पण आणखीही निघालं. आजींना शिक्षिका व्हायचं होतं. शाळा कायमची सुटल्यावर त्या कित्येक महिने वह्या लपवून ठेवत. धाकटा झाला तेव्हा त्यांना नको होता, अंगात बळच उरलं नव्हतं. हे सांगताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "झाल्यावर मात्र जीव जडला, हेही लिही." सासूबाईंच्या अकरा वर्षांबद्दल त्या सर्वांत जास्त बोलल्या. शेवटची दोन वर्षं सासूबाई कुणाला ओळखत नव्हत्या, आणि तोंड मिटून घेत तरी त्यांना भरवावं लागे. "त्या मान फिरवायच्या आणि आम्ही तोंड धरून भरवायचो. मला वाटायचं, यांना सोडा आता. आणि असं वाटतं म्हणून मलाच माझी लाज वाटायची. माझ्यावर असं कुणी करू नये. आणि माझ्यापायी कुणी असं झिजू नये."

मुलीला हे ऐकून धक्का बसला. आपली आई दमत होती, तिला कधीकधी हे सगळं नको वाटत होतं, हे तिला सहन होत नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की न दमता केलेल्या सेवेपेक्षा दमूनही केलेली सेवा मोठी असते. ती पुढच्या भेटीत आईजवळ बसून खूप वेळ रडली. त्या दोघींचं नातं त्यानंतर मोकळं झालं.

दुसरी अडचण: पडणं आणि त्यानंतरचा आठवडा

८७व्या वर्षी एका रात्री आजी स्वच्छतागृहाकडे जाताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

नातेवाइकांपैकी काहींचं म्हणणं होतं की या वयात शस्त्रक्रिया नको. आकडे घाबरवणारेच आहेत: खुब्याच्या अशा मोडीनंतर वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के वृद्ध दगावतात. पण शस्त्रक्रिया न करण्याचा अर्थ असह्य वेदना, अंथरुणात पडून राहणं, आणि त्यातून न्यूमोनिया, बेडसोर म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, पायात रक्ताच्या गाठी. वय हे एकटं कारण शस्त्रक्रिया नाकारायला पुरेसं नसतं, आणि ती शक्यतो दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी असं मानतात. इथे ती दुसऱ्या दिवशी झाली. हा निर्णय तुलनेने सोपा होता.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी आली. आजी सलाइन उपसू लागल्या. भिंतीवर माणसं दिसत होती. वारलेल्या नवऱ्याला हाका मारत होत्या. आणि थोरल्या सुनेकडे बोट दाखवून ओरडल्या, "हिने मला ढकललं."

सून बाहेर येऊन बाकावर बसली. तिने आजींचं सगळं केलं होतं, आणि आता वॉर्डातली माणसं तिच्याकडे बघत होती. त्या क्षणी घरच्यांना दोन गोष्टी सांगणं फार गरजेचं होतं. एक, याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांच्या मेंदूवर येणारा हा तात्पुरता गोंधळ असतो आणि त्यातलं बोलणं मनातलं खरं नसतं. दोन, धाकटा नर्सला झोपेची गोळी द्यायला सांगत होता, तिने हे आणखी बिघडलं असतं.

कारणं शोधायची असतात, आणि ती बहुतेक वेळा साधी निघतात. वेदनेचं औषध अपुरं होतं. पोट साफ झालं नव्हतं. लघवीची नळी गरज संपल्यावरही तशीच होती. शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेलं ऐकण्याचं यंत्र आणि चष्मा कपाटात पडून होते, म्हणजे आजी अनोळखी खोलीत जवळजवळ बहिऱ्या आणि अर्ध्या आंधळ्या होत्या. अमेरिकन डॉक्टर शेरॉन इनोये यांनी १९९९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, झोप, हालचाल आणि जागेवेळेची आठवण करून देणं अशा साध्या काळजीने रुग्णालयातल्या वृद्धांमधलं डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं होतं. आम्ही तेच केलं. यंत्र कानात, चष्मा डोळ्यांवर, पलंग खिडकीकडे, समोर मोठं घड्याळ, नळी बाहेर, दिवसातून दोनदा खुर्चीत, आणि कायम ओळखीचं एक माणूस शेजारी. पाचव्या दिवसापासून आजी भानावर येऊ लागल्या. पूर्ण निवळायला काही आठवडे गेले.

सुनेला काय बोलल्या ते आजींना आठवत नव्हतं. सांगावं की नाही यावर घरात वाद झाला. सून म्हणाली, नको. मला तिचा निर्णय मान्य होता, पण तिच्या मनातला घाव त्यामुळे कुणी पुसला नाही, आणि त्याचा परिणाम पुढे दिसला.

कोण सांभाळणार

आजी वॉकर घेऊन चालू लागल्या, पण आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं यासाठी माणूस लागायचं. ते माणूस म्हणजे सून, स्वतः ६३ वर्षांची, नोकरीतून निवृत्त होऊन थोडी वर्षं झालेली. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला स्टीव्हन झॅरिट यांची २२ प्रश्नांची मुलाखत वापरतात. सुनेचा भार गंभीर पातळीवर निघाला. "तुम्हाला दुसरं कुणी ही जबाबदारी घ्यावंसं वाटतं का?" या प्रश्नावर ती थांबली आणि म्हणाली, "हे मी बोलले असं घरी कळू देऊ नका." मी सांगितलं की तिच्या परवानगीशिवाय कळणार नाही. पण भार सांगितलाच नाही तर तो वाटलाही जाणार नाही, हेही सांगितलं. दोन आठवड्यांनी ती स्वतः बैठकीत बोलली.

धाकट्याने पुन्हा चारचार महिन्यांची पाळी मांडली. यावेळी त्यात सुनेला न्याय देण्याचा भाग होता, त्यामुळे तो प्रस्ताव सहज बाजूला सारता येत नव्हता. पण आजींची रात्रीची वाट आता पावलांच्या सवयीवर चालत होती, आणि नुकताच डिलिरियम होऊन गेलेल्या माणसाला दर चार महिन्यांनी नव्या घरात नेणं म्हणजे पुन्हा पडण्याची जोखीम. सशुल्क निवासी केंद्राचाही विचार झाला. तो वाईट पर्याय नव्हता, कित्येक घरांसाठी तोच योग्य असतो. आजींना यावेळी नीट विचारलं, ऐकण्याचं यंत्र लावून, एका वेळी एकच प्रश्न. त्या म्हणाल्या, "मला हलवू नका. पण हिला सोडवा."

तेव्हा ठरलं की आजी हलणार नाहीत, सांभाळणारे हलतील. मुलगी दर महिन्याला दहा दिवस येऊन राहील. धाकटा वर्षातून दोनदा तीन-तीन आठवडे रजा टाकून येईल, आणि रात्रीच्या मदतनीस बाईचा खर्च उचलेल. तो येईल तेव्हा थोरला आणि सून घर सोडून जातील, नुसते शेजारच्या खोलीत जाणार नाहीत. हे शेवटचं कलम सुनेने घातलं होतं आणि ते सर्वांत उपयोगी ठरलं. धाकट्यालाही आयुष्यात पहिल्यांदा आईसोबत सलग राहायला मिळालं.

शेवटचा निर्णय

पुढच्या चार वर्षांत स्मरण खरोखरच गेलं. डिलिरियम येऊन गेलेल्यांत ही घसरण वेगाने होताना दिसते. ९१ ओलांडल्यावर आजी वाक्य पूर्ण करू शकत नव्हत्या, चालणं थांबलं होतं, गिळताना ठसका लागायचा. अन्न श्वासनलिकेत जाऊन दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी पोटात कायमची नळी बसवण्याचा विषय निघाला.

घर दुभंगलं. थोरला आणि मुलगी नको म्हणत होते. धाकटा ओरडला, "म्हणजे आईला उपाशी ठेवून मारायचं?" या प्रश्नाला शास्त्राने लगेच उत्तर देऊ नये, असं माझं मत आहे. आधी ऐकून घ्यावं. ज्या आईने जन्मभर सगळ्यांना भरवलं तिच्या तोंडात घास जाऊ न देणं, हे त्याला पाप वाटत होतं.

मग डॉक्टरांनी शांतपणे मांडलं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, न्यूमोनिया टळत नाही, बेडसोर कमी होत नाहीत. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या संस्थेने २०१४मध्ये याच कारणाने अशा रुग्णांना नळी न बसवता काळजीपूर्वक हाताने भरवण्याची शिफारस केली. या टप्प्यावर भूक कमी होणं हा आजाराचाच भाग असतो. तात्पुरती नाकातली नळी घालून काही दिवस बघावं हा मधला मार्गही चर्चेत आला. पण गोंधळलेले रुग्ण ती ओढतात, मग हात बांधावे लागतात.

हात बांधण्याचं नाव निघालं आणि नात उठली. तिने ते जुनं रेकॉर्डिंग लावलं. आजींचा सात-आठ वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज: "त्या मान फिरवायच्या आणि आम्ही तोंड धरून भरवायचो... माझ्यावर असं कुणी करू नये."

धाकट्याने ते पहिल्यांदाच ऐकलं. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "हे मला आधी का नाही ऐकवलं?"

आजींनी स्वतःची इच्छा म्हणून थेट कधी काही सांगितलं नव्हतं. ती त्यांनी सासूबाईंची गोष्ट सांगताना सांगितली होती. न मागणाऱ्या माणसांची इच्छा अशीच सापडते, दुसऱ्याच्या आजारपणाबद्दल ते काय बोलतात त्यात. नळी न बसवण्याचं एकमताने ठरलं. आजी मान वर करतील, तोंड उघडतील तेवढंच भरवायचं, उठवून बसवून, छोटे घास, घाई न करता. मान फिरवली की थांबायचं.

निष्पत्ती

त्यानंतर आजी सात आठवडे जगल्या, घरीच. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं ते या विचारावर, की शेवटच्या दुखण्यात शरीर, मन, नाती आणि श्रद्धा या सगळ्यांचं दुखणं एकत्र असतं. घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करण्याची काळजी घेणाऱ्या, नर्सने त्याच पद्धतीने काम केलं: धाप लागली की मॉर्फिनचा अगदी छोटा डोस, तोंड सतत ओलं ठेवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. बेडसोर झाला नाही. धाकटा पूर्ण सात आठवडे तिथे होता आणि बहुतेक वेळा भरवायचं काम त्यानेच केलं. त्याच्या मनातली उपासमारीची भीती तिथेच विरली, कारण आई नको म्हणते ते त्याने स्वतःच्या हातांनी अनुभवलं.

दहा वर्षांत आजींना एकदाही घर बदलावं लागलं नाही. भावंडं आजही एकमेकांशी बोलतात. आईच्या आजारपणानंतर हे किती घरांत उरत नाही, हे या कामात असणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल.

काय वेगळं करता आलं असतं

कान खूप आधी तपासायला हवे होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये बहिरेपणाचा समावेश केला आहे. आजी सत्तरीत असतानाच टीव्हीचा आवाज वाढवत होत्या, ते घरात सगळ्यांना आठवतं.

पडण्याचा धोका ८२व्या वर्षीच मोजला होता. त्यानंतर व्यायाम काही महिने झाला आणि मागे पडला. रात्रीच्या वाटेवर दिवा आणि पकडायला दांडी आजी पडल्यानंतर बसली. धोका एकदा मोजून भागत नाही, तो दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहणारं माणूस ठरलेलं असावं लागतं.

रेकॉर्डिंग धाकट्यापर्यंत आधी पोहोचायला हवं होतं. दूर राहणारं मूल निर्णयाच्या दिवशी येतं आणि बाकीचे काही वर्षांत जिथे पोहोचलेले असतात तिथे त्याने एका तासात पोहोचावं अशी अपेक्षा केली जाते. त्याचं ओरडणं हा हट्ट नव्हता, त्याला मिळालेल्या अपुऱ्या माहितीचा तो परिणाम होता. आजींचं बोलणं स्पष्ट होतं तेव्हाच, म्हणजे ८२ ते ८७ या काळात, त्यांच्या इच्छा त्यांच्यासमोर वाचून लिहून घेता आल्या असत्या. अशा कागदाला कायद्याने किती बळ आहे हे देशागणिक बदलतं, पण भावंडांमधला वाद मिटवायला तो पुरतो.

आणि सून. वॉर्डातल्या त्या आरोपानंतर तिच्याशी कुणी सविस्तर बोललं नाही. घरच्यांनी "डिलिरियम होता" म्हणून विषय संपवला. ती मात्र पुढची पाच वर्षं मदतनीस बाईसमोर, पाहुण्यांसमोर थोडी सावध वागत राहिली. एकटी असताना आजींना आंघोळ घालायची नाही, कुणीतरी दाराशी हवं. हे तिने आजी गेल्यानंतर मला सांगितलं. आजींच्या जाण्याने तिचा दिवसही अचानक रिकामा झाला होता, आणि "आता तू आराम कर" हे वाक्य आता तिच्या वाट्याला येऊ लागलं होतं. अशा घरांच्या योजनेत मी आता दोन भेटी सुरुवातीपासून लिहून ठेवते. एक डिलिरियम उतरल्यावर लगेच, ज्याच्यावर आरोप झाला त्या माणसाची, एकट्याची. दुसरी मृत्यूनंतर महिनाभराने, ज्याने सर्वांत जास्त केलं त्याची, आणि तिच्यात बाकीच्या कुणी बोलायचं नाही.